जळत्या दालनातला शेवटचा वादक : ‘हँगओव्हर स्क्वेअर’ ऐकताना

पियानो कॉन्चेर्टोचा शेवट कसा होतो, हे असे दोन-चार कॉन्चेर्टो ऐकलेला कोणीही सांगू शकेल. एकल वादक आणि वाद्यवृंद अर्धा-पाऊण तास एकमेकांशी वाद घालतात, रुसतात, समेट करतात आणि अखेरीस दोघे मिळून गर्जना करतात. मग टाळ्या. १९४५ सालच्या एका विस्मृत थरारपटासाठी लिहिलेला एक कॉन्चेर्टो मात्र असा संपत नाही. त्याच्या अखेरीस वाद्यवृंद उरतच नाही. पियानो एकटा वाजत राहतो आणि एकटाच थांबतो. असे का, याचे उत्तर संगीतशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते. (धागा)

चित्रपटाचे नाव ‘हँगओव्हर स्क्वेअर’. निर्मिती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सची, दिग्दर्शक जॉन ब्राम, लांबी अवघी सत्याहत्तर मिनिटे. संगीतकार बर्नार्ड हरमन. हिचकॉकच्या ‘सायको’तल्या न्हाणीघराच्या प्रसंगातले किंचाळणारे व्हायोलिन ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हरमन ठाऊक आहे, नाव माहीत नसले तरी. ‘सायको’ १९६० चा. आपण बोलणार आहोत तो हरमन त्याहून पंधरा वर्षांनी तरुण आहे. हिचकॉकची आणि त्याची जोडी अद्याप जमायची आहे.

कथानक थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय संगीत कळणार नाही. काळ १९०३ च्या सुमाराचा, शहर लंडन. जॉर्ज हार्वे बोन हा एक बुजरा, सज्जन संगीतकार. सर हेन्री चॅपमन नावाच्या प्रतिष्ठित संगीतज्ञाच्या आणि त्याच्या मुलीच्या, बार्बराच्या प्रोत्साहनाने तो एक कॉन्चेर्टो लिहीत आहे. बोनला एक व्याधी आहे. कानावर एखादा कर्कश, विसंवादी आवाज आदळला की त्याचे भान हरपते. पुढचे काही तास तो काय करतो हे त्याला आठवत नाही. प्रेक्षकांना मात्र ठाऊक असते, कारण चित्रपटाचा आरंभच त्याच्या हातून होणाऱ्या एका खुनाने आणि आगीने होतो. पुढे नेटा नावाची एक महत्त्वाकांक्षी गायिका त्याला भेटते. तिच्यासाठी तो हलकीफुलकी गाणी रचू लागतो, कॉन्चेर्टो मागे पडत जातो, ती त्याला वापरून घेते. आणि एका विसंवादी क्षणी तिचाही जीव जातो. अखेरीस कॉन्चेर्टोचा प्रयोग होतो. तो चालू असतानाच बोनला आपण केलेले सारे आठवू लागते.

इतके झाले कथानक. आता ज्या कादंबरीवरून हे घेतले तिच्याकडे वळू, कारण इथे काही हरवले आहे आणि ते काय हे जाणून घेणे आवश्यक आहे.

पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाची ‘हँगओव्हर स्क्वेअर’ ही कादंबरी १९४१ साली प्रसिद्ध झाली. शीर्षक म्हणजे लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर या प्रतिष्ठित चौकाच्या नावावर केलेली कोटी आहे. हँगओव्हर म्हणजे मद्याचा दुसऱ्या दिवशीचा उतार. (हॅमिल्टन हा ‘गॅसलाइट’ नाटकाचाही लेखक. आज आपण समाजमाध्यमांवर ऊठसूट ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द वापरतो, तो मुळात त्याच्या १९३८ च्या नाटकाच्या शीर्षकातून आलेला आहे.) कादंबरीतला बोन संगीतकार नाही. तो काहीच नाही. लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातल्या मद्यगृहांत फुकट्या मित्रांच्या टोळक्यात तो वर्षे घालवतो आणि नेटाच्या मागे फिरतो. काळ १९३८-३९ चा. म्युनिक करार होऊन गेला आहे, युद्ध दाराशी आहे. नेटाला आणि तिच्या मित्राला फासिस्टांच्या गणवेशाचे, दरडावणीचे आकर्षण वाटते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले, आणि कादंबरीचा रक्तरंजित शेवटही त्याच दिवसाभोवती गुंफलेला आहे. डोक्यात ‘खट्ट’ होऊन भान जाणारा एक माणूस आणि डोळे उघडे ठेवून झोपेत चालणारा एक देश, अशी ती जोडी होती.

फॉक्सने यातला देश काढून टाकला. आदल्या वर्षी, १९४४ मध्ये, याच कंपनीचा ‘द लॉजर’ हा जॅक द रिपरच्या धर्तीवरचा चित्रपट यशस्वी ठरला होता. धुके, वायुदिवे, घोडागाड्या, दगडी रस्त्यांवरची पावले. तोच दिग्दर्शक, तोच पटकथाकार बारे लिंडन, तोच नायक लेअर्ड क्रेगर आणि तोच जॉर्ज सँडर्स घेऊन तसाच दुसरा चित्रपट काढायचा, हा सरळ व्यापारी हिशेब होता. त्या हिशेबात म्युनिक बसत नव्हते. कथा तीन-साडेतीन दशके मागे सरकवली गेली, मद्यगृहे जाऊन संगीतगृहे आली, आणि बोनच्या हाती पियानो आला.

माझ्या मते ही मूळ कलाकृतीची हानी होती, आणि ती तशीच नोंदवली पाहिजे. १९४१ च्या वाचकासमोर जी कादंबरी आरसा धरत होती, तिचे १९४५ मध्ये पोशाखी रहस्यपटात रूपांतर झाले. पण या फेरफाराचा एक अनपेक्षित परिणाम झाला. नायक संगीतकार झाल्यामुळे त्याला संगीत देणे भाग पडले. जे सांगण्याची मुभा पटकथेला उरली नव्हती, त्यातले बरेचसे हरमनच्या वाट्याला आले.

कादंबरीच्या या कायापालटाची किंमत सर्वाधिक कोणी मोजली असेल तर लेअर्ड क्रेगरने. सहा फुटांहून उंच, तीनशे पौंडांच्या घरात वजन, मखमली आवाज. फॉक्सने त्याला खलनायकांच्या भूमिकांत बसवले होते आणि त्याला तिथून बाहेर पडायचे होते. हॅमिल्टनची कादंबरी त्याला मनापासून आवडली होती. तिच्यावर चित्रपट व्हावा म्हणून त्यानेच कंपनीकडे आग्रह धरला. तयार झालेली पटकथा वाचल्यावर त्याने काम करायला नकार दिला. त्या काळच्या स्टुडिओ-पद्धतीत नट हा पगारी नोकर असे. भूमिका नाकारणे म्हणजे निलंबन. क्रेगर निलंबित झाला आणि अखेरीस नमला. पण नमताना त्याने निराळाच मार्ग धरला. बोन हा प्रेमात पडण्याजोगा नायक दिसला पाहिजे, म्हणून त्याने औषधे घेऊन, अघोरी उपासतापास करून झपाट्याने सुमारे शंभर पौंड वजन उतरवले. चित्रीकरणानंतर पोटावर शस्त्रक्रिया झाली, आणि ९ डिसेंबर १९४४ रोजी हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय एकतीस. चित्रपट प्रदर्शित झाला फेब्रुवारी १९४५ मध्ये. शेवटच्या दृश्यात आपण ज्याला पाहतो तो माणूस प्रेक्षकांनी पाहण्यापूर्वीच गेलेला होता.

आता हरमनकडे येऊ.

जन्म न्यूयॉर्क, १९११. विशीतच तो सीबीएस या रेडिओ-संस्थेत दाखल झाला आणि पुढे तिथल्या वाद्यवृंदाचा संचालक झाला. तिथेच ऑर्सन वेल्सशी गाठ पडली. १९४१ चा ‘सिटिझन केन’ हा दोघांचाही पहिला मोठा चित्रपट. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रपटासाठी हरमनला ऑस्कर मिळाले. १९४२ मध्ये वेल्सचा ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ कंपनीने परस्पर कापला, त्याबरोबर संगीतही कापले गेले आणि त्यात दुसऱ्याचे संगीत घुसवले गेले; तेव्हा हरमनने श्रेयनामावलीतून आपले नाव काढून टाकायला लावले. स्वभाव असा होता. हॉलिवूडमध्ये संगीतकाराने चालींचा आराखडा द्यायचा आणि कोणत्या वाद्याने काय वाजवायचे हे दुसऱ्या पगारी लोकांनी लिहून काढायचे, अशी रीत होती. हरमन ती कामे स्वतः करत असे. चित्राचे रंग दुसऱ्याला भरायला द्यायचे असतील तर चित्र काढायचेच कशाला, असा त्याचा एकूण पवित्रा.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी. १९४३ पासून हरमन एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’वर एक संगीतिका लिहीत होता. ती पुरी व्हायला १९५१ साल उजाडले. स्वतःच्या खर्चाने, हट्टाने त्याने १९६६ मध्ये तिचे ध्वनिमुद्रण केले. रंगमंचावर ती प्रथम आली १९८२ मध्ये, पोर्टलंडला. हरमनला जाऊन तोवर सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. दिवसा पोटासाठी चित्रपटांचे संगीत, रात्री ‘खरे’ काम. आपला कॉन्चेर्टो बाजूला ठेवून नेटासाठी गाणी पाडणारा बोन त्याला परका वाटला नसावा, असे म्हणायला फार मोठ्या कल्पनाशक्तीची गरज नाही.

एरवी चित्रपटाचे संगीत सर्वांत शेवटी लिहिले जाते. चित्रीकरण संपते, संकलन होते आणि मग संगीतकाराला काही आठवड्यांची मुदत मिळते. संगीत चित्राच्या मापाने शिवले जाते. इथे क्रम उलटा झाला. पडद्यावर कॉन्चेर्टो वाजणार म्हणजे तो आधी लिहिलेला आणि मुद्रित केलेला हवा. हरमनने दहा-बारा मिनिटांचा, एकाच अखंड भागाचा ‘कॉन्चेर्टो मकाब्र’ आधी रचला, आणि ब्रामने शेवटचा प्रसंग त्या मुद्रणाच्या तालावर चित्रित केला. छायाचित्रकार जोसेफ लाशेलचा कॅमेरा कधी उंचावरून खाली झेपावतो, कधी वादकांच्या रांगांमधून सरकतो, तो संगीताने आखून दिलेल्या वाटेने. एका नफेखोर कारखान्यात, एका मध्यम खर्चाच्या चित्रपटात, दहा-बारा मिनिटांपुरते का होईना, संगीतकाराने वेळापत्रक ठरवले. स्टुडिओ-व्यवस्थेच्या इतिहासात हे फार वेळा घडलेले नाही.

‘मकाब्र’ म्हणजे मृत्यूच्या सावलीतला, भेसूर. मध्ययुगीन युरोपात साथींच्या काळानंतर चर्चच्या भिंतींवर सांगाडे आणि माणसे हात धरून नाचताना रंगवत. त्या मृत्युनृत्याच्या परंपरेशी हा शब्द जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात लिस्टने त्याच कल्पनेवर पियानो आणि वाद्यवृंदासाठी ‘टोटनटान्झ’ लिहिले. हरमनचा पियानो मंद्र सप्तकात घणासारखा आदळू लागला की लिस्टची आठवण होतेच.

आता प्रत्यक्ष ऐकण्याविषयी. आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना कागद वाचायला शिकवतात, नाणी आणि शिलालेख वाचायला शिकवतात. ध्वनी वाचायला सहसा कोणी शिकवत नाही. म्हणून माझी पद्धत साधी आहे. पहिल्यांदा चित्रपट पाहायचा. दुसऱ्यांदा चित्र बंद करून नुसता ध्वनी ऐकायचा. तिसऱ्यांदा फक्त कॉन्चेर्टो.

दुसऱ्या फेरीत एक गोष्ट उघड होते. चित्रपटभर मागे वाजत राहणारे संगीत वेगवेगळ्या चालींचे नाही. ते सारे त्या एका कॉन्चेर्टोचेच तुकडे आहेत. बोन रस्त्याने भेलकांडत चालतो तेव्हा मागे जे वाजते, ते त्याने अजून कागदावर उतरवलेले नाही. पार्श्वसंगीत आणि दृश्यातले संगीत यांच्यात जी भिंत आपण गृहीत धरतो (पहिले फक्त आपल्याला ऐकू येते, दुसरे पात्रांनाही), ती इथे पाडलेली आहे. मागे वाजते ते बोनच्या डोक्यात वाजते. तासाभराचा चित्रपट म्हणजे एका रचनेची जुळवाजुळव, आणि शेवटच्या प्रसंगात ती प्रथमच सलग ऐकू येते. तोपर्यंत आपल्या कानांना तिचे तुकडे ओळखीचे झालेले असतात. कॉन्चेर्टो नवा असूनही आठवणीतला वाटतो. नेमके तेच त्या क्षणी बोनचेही होत असते. प्रत्येक स्वराबरोबर त्याला एकेक कृत्य आठवत जाते. प्रेक्षकाच्या स्मृतीचा आणि खुन्याच्या स्मृतीचा असा एकत्र वापर केलेला मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटसंगीतात ऐकलेला नाही.

भान हरपण्याचे क्षण ऐका. बाहेर रस्ता खणलेला आहे, लोखंडी नळ खड्ड्यात कोसळतात, आणि त्या खणखणाटाचा शेवट कुठे होतो व वाद्यवृंदाचा आरंभ कुठे होतो हे सांगता येत नाही. तार सप्तकातली सुषिर वाद्ये आणि घसरत जाणारी तंतुवाद्ये यांनी हवा पातळ केल्यासारखी वाटते. गोंगाट हेच रोगाचे कारण, आणि संगीत हा त्याच गोंगाटाला शिस्त लावण्याचा प्रयत्न. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या महानगराला ध्वनीची जी नवी व्याधी जडली होती, तिच्यावर इतिहासकार आता पुस्तके लिहितात. हरमनने ती वाद्यांनी मांडली.

नेटाच्या मृत्यूनंतरचा प्रसंग चित्रपटातला सर्वांत भयंकर. ५ नोव्हेंबर, गाय फॉक्सची रात्र. १६०५ साली राजासकट इंग्लंडची संसद उडवून देण्याचा कट फसला, त्याच्या स्मरणार्थ इंग्रज लोक दरवर्षी होळ्या पेटवतात आणि कटवाल्या गायचा पुतळा जाळतात. रस्त्यारस्त्यांतून मुखवटे घातलेले पुतळे नेले जात आहेत. बोनही एक मुखवटा घातलेली आकृती खांद्यावर टाकून निघतो, पुतळ्यांच्या प्रचंड ढिगाला टेकवलेल्या शिडीवरून वर चढतो, ती आकृती सर्वांत वर ठेवतो आणि खाली उतरतो. मग ढीग पेटवला जातो. गर्दी आनंदाने ओरडत असते. ती आकृती पुतळा नाही हे फक्त आपल्याला ठाऊक असते. हर्षाच्या कोलाहलाखालून वाद्यवृंद चढत जातो, आणि गर्दी व वाद्ये यांपैकी कोण अधिक क्रूर आहे असा प्रश्न पडतो.

हे दृश्य कोणी दिग्दर्शित केले तेही पाहा. जॉन ब्रामचे मूळ नाव हान्स. जन्म हँबर्ग, १८९३. जर्मन रंगभूमीचा थोर दिग्दर्शक ओटो ब्राम हा त्याचा काका. हिटलर सत्तेवर आल्यावर हान्सने जर्मनी सोडली, प्रथम इंग्लंड आणि मग हॉलिवूड गाठले. खदाखदा हसणारी, पुतळे जाळणारी गर्दी त्याने कोणत्या डोळ्यांनी पाहिली असेल, याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि मी तो रचणार नाही. पण पटकथेने दरवाजाबाहेर काढलेले १९३९ साल या होळीच्या उजेडात खिडकीतून परत आत डोकावते, असे मला दर वेळी वाटते. चित्रीकरण १९४४ च्या उत्तरार्धातले. त्याच महिन्यांत खऱ्या लंडनवर जर्मन व्ही-२ अग्निबाण पडत होते, आणि लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत खोटे लंडन जळत होते.

आता शेवट. कॉन्चेर्टो चालू आहे. बोनला सारे आठवत आहे. तो मध्येच पियानोवरून उठतो, बार्बरा त्याच्या जागी बसते आणि वादन पुढे नेते. पोलीस येतात, झटापट होते, आग लागते. श्रोते धावत सुटतात. वादक एकामागून एक वाद्ये उचलून निघतात. बोन परत पियानोपाशी येतो. सारे पळत असताना तो उरलेला भाग वाजवत राहतो. कॅमेरा मागे आणि वर जातो, धूर दाट होत जातो आणि शेवटचे स्वर एकट्या पियानोचे ऐकू येतात. हरमनने कॉन्चेर्टो वाद्यवृंदाशिवाय संपवला, कारण कथेत तोवर वाद्यवृंद पळून गेलेला असतो.

वादक एकेक करून निघून जातात, ही कल्पना संगीताच्या इतिहासात आधी एकदा गाजलेली आहे. १७७२ साल. हंगेरीतल्या एस्तरहाझा इथल्या उन्हाळी प्रासादात प्रिन्स निकोलाउस एस्तरहाझी याचा मुक्काम लांबला होता आणि त्याच्या पदरचे वादक महिनोन्‌महिने कुटुंबांपासून दूर होते. त्यांचा प्रमुख योसेफ हायडन याने पंचेचाळिसावी सिंफनी लिहिली. तिच्या अखेरच्या भागात एकेक वादक आपला भाग संपवून, मेणबत्ती विझवून उठून जातो. अखेरीस दोन व्हायोलिन उरतात. मालक इशारा समजला, अशी आख्यायिका आहे. ती सिंफनी ‘निरोपाची सिंफनी’ म्हणून ओळखली जाते. योगायोग असा की हाच हायडन १७९१ मध्ये लंडनला आला, तेव्हा त्याच्या गाजलेल्या मैफली हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्येच झाल्या. हॅमिल्टनने ज्या नावावर कोटी केली ती जागा शतकभर लंडनचे प्रमुख मैफलगृह होती. हरमनच्या मनात हायडन होता असा माझा दावा नाही. पण दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक फरक लख्ख दिसतो. हायडनचे वादक घरी जाण्यासाठी उठतात. बोनला जायला घर उरलेले नाही.

त्या दशकात चित्रपटांतल्या कॉन्चेर्टोंची लाटच आलेली होती. १९४१ च्या ‘डेंजरस मूनलाइट’ या ब्रिटिश युद्धपटासाठी रिचर्ड ॲडिन्सेलने लिहिलेला ‘वॉर्सा कॉन्चेर्टो’ युद्धकाळात घराघरांत पोहोचला. रखमानिनोव्हसारखे काहीतरी हवे आहे, अशी मागणी होती आणि तसेच त्याने लिहिले. १९४५ च्या संगीताच्या ऑस्करसाठी वीसेक चित्रपटांना नामांकने होती. ‘हँगओव्हर स्क्वेअर’ त्यांत नव्हता. पुरस्कार मिळाला हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’साठी मिक्लोश रोझाला, आणि त्या संगीताचाही पुढे एक लोकप्रिय कॉन्चेर्टो झाला. या इतर रचनांत पियानो म्हणजे प्रेम, देश, विरह. ओठांवर रुळेल अशी एक लांब सुरावट. हरमनने अशी सुरावट देणेच टाळले. त्याच्याकडे लहान लहान स्वरसमूह असतात, ते वळत राहतात, रंग बदलतात. गुणगुणण्यासारखे हाती काही लागत नाही, म्हणून बाजारात ते मागे पडले. आणि म्हणूनच पंधरा वर्षांनी ‘सायको’ला उपयोगी पडले.

तरीही एका मुलाने ते उचललेच. जवळजवळ पंधरा वर्षांच्या स्टीफन सोंडहाइमने हा चित्रपट पाहिला. पडद्यावर पियानोवर ठेवलेल्या स्वरलिपीचे पान क्षणभर दिसते. ते नीट पाहता यावे म्हणून तो चित्रपट त्याने पुन्हा पाहिला, आरंभीच्या ओळी पाठ केल्या, आणि हरमनला पत्रही लिहिले. पुढे तोच मुलगा अमेरिकन संगीतनाट्याचा सर्वांत मोठा रचनाकार झाला. १९७९ चे त्याचे ‘स्वीनी टॉड’ धुकट लंडनमध्ये घडते, त्यातही एक सज्जन वाटणारा खुनी आहे, आणि त्यामागे हरमनचा हा कॉन्चेर्टो आहे हे सोंडहाइमने स्वतः वारंवार सांगितले.

सोंडहाइमला पाठांतर का करावे लागले, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. कारण दुसरा मार्ग नव्हता. चित्रपट आठवडाभर चालायचा आणि निघून जायचा. पार्श्वसंगीताच्या तबकड्या त्या काळी क्वचितच निघत. स्वरलिप्या स्टुडिओच्या मालकीच्या. संगीतकाराचा त्यांच्यावर हक्क नसे. त्यांचे पुढे काय झाले, हे कंपनीगणिक बदलते. एमजीएमने १९६९-७० च्या सुमारास जागा मोकळी करण्यासाठी आपल्या संग्रहातल्या वाद्यवृंदाच्या स्वरलिप्या अक्षरशः भरावात पुरल्या. ‘विझर्ड ऑफ ऑझ’सारख्या चित्रपटांचे संगीत पुन्हा वाजवायचे म्हणून आजचे संगीतज्ञ ध्वनिपट कानांनी ऐकून एकेक स्वर कागदावर उतरवतात. आपल्याकडे बखरींच्या नकला शोधत फिरणाऱ्यांना या कामाची जात परिचयाची वाटेल.

‘कॉन्चेर्टो मकाब्र’चे नशीब बरे. १९७४ मध्ये चार्ल्स गेरहार्टने नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह हरमनच्या चित्रपटसंगीताची एक तबकडी मुद्रित केली. तीत स्पॅनिश पियानोवादक होआकिन आचुकारोने हा कॉन्चेर्टो वाजवला. हरमन तेव्हा हयात होता. २४ डिसेंबर १९७५ रोजी, ‘टॅक्सी ड्रायव्हर’चे ध्वनिमुद्रण आटोपल्यावर काही तासांत, तो झोपेत वारला. २०१० मध्ये रुमन गाम्बाने बीबीसी फिलहार्मोनिकसह या चित्रपटाचे संगीत पुन्हा मुद्रित केले. पियानोवर मार्टिन रॉस्को. दोन्ही मुद्रणे सहज ऐकायला मिळतात. १९७४ च्या मुद्रणात धार अधिक आहे. २०१० च्या मुद्रणात ध्वनी स्वच्छ आहे आणि चित्रपटातले इतर प्रसंगही ऐकायला मिळतात. आरंभ करायचा तर मी आचुकारोपासून करा असे सांगेन.

ऐकताना शेवटच्या मिनिटाकडे लक्ष द्या. मुद्रणकक्षात आग नसते. वादक आपापल्या खुर्च्यांवर बसून असतात, वाद्ये मांडीवर असतात, आणि पियानो एकटा वाजत असताना कागदावर त्यांच्यासाठी फक्त विराम लिहिलेले असतात.